स्किझोफ्रेनिया असलेल्या वृद्धांची देखभाल: वृद्धाश्रमातील सहायिकेने नेमके काय करावे?

वृद्धाश्रम सहायिका, खानापूर तालुका

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका लहानशा वृद्धाश्रमात गेली चार वर्षे नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करते. आमच्याकडे सध्या २६ वृद्ध राहतात आणि त्यांपैकी तिघांना स्किझोफ्रेनिया (भास, भ्रम आणि संशय निर्माण करणारा मानसिक आजार) आहे. अंघोळ घालणे, भरवणे, बीपी आणि शुगर पाहणे, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणे हे सारे मला प्रशिक्षणात नीट शिकवले गेले. मानसिक आजाराबद्दल मात्र एका दुपारच्या व्याख्यानापलीकडे काही मिळाले नाही आणि तेही तरुण रुग्णांविषयी होते. सत्तरी ओलांडलेल्या, कानाने कमी ऐकणाऱ्या, गुडघे धरलेल्या माणसाला हा आजार असेल तर त्याच्याशी कसे वागायचे, हे मला कोणीही सांगितलेले नाही. तिघांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते.

पहिल्या आजी ७२ वर्षांच्या आहेत. त्यांच्या उमेदीची सारी वर्षे निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत गेली. जेवणात विष कालवले आहे असे त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा वाटते आणि त्या दिवशी ताट जसेच्या तसे परत येते. स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा त्यांच्यासमोर त्याच ताटातला घास खाऊन दाखवला, तेव्हा ‘तुला उतारा ठाऊक आहे’ असे उत्तर मिळाले. दुसरे आजोबा ७६ वर्षांचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आमच्या निम्म्या कर्मचारी कन्नडभाषक आहेत. त्या आपसांत बोलू लागल्या की आजोबा दार लावून घेतात, कारण आपल्याला पोलिसांच्या ताब्यात देण्याचे ठरत आहे अशी त्यांची खात्री होते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठीमार स्वतः पाहिला होता, असे त्यांचे पुतणे सांगतात. तिसऱ्या आजी ६९ वर्षांच्या आहेत. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्या कानाशी बोलते, असे त्या सांगतात. त्यामुळे आमच्यातल्या काही जणी त्यांच्या पाया पडतात आणि काही जणी त्यांच्या खोलीत एकट्या जायला घाबरतात.

मागच्या महिन्यात एका रात्री आजोबा फार अस्वस्थ होते आणि ड्यूटीवर आम्ही दोघीच होतो. त्यांना खोलीत बंद करून बाहेरून कडी लावण्यात आली. सकाळी कडी काढली तेव्हा ते भिंतीला पाठ टेकून बसलेले होते आणि त्यांचे कपडे ओले झाले होते. मी त्या रात्री काही बोलले नाही, याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून विचारते: अशा वेळी काय करायला हवे होते? विषाची भीती वाटते तेव्हा काय बोलावे? गोळ्या जेवणात मिसळून द्याव्यात असे काही जणी सुचवतात, ते योग्य आहे का? आणि डॉक्टर महिन्यातून एकदाच येत असतील, तर मधल्या दिवसांत मी कशावर लक्ष ठेवावे?

निवृत्त मनोरुग्ण परिचारिका, बेळगाव

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझी धारवाडची पहिली वर्षे आठवली. मलाही वाटायचे की रुग्णाचा गैरसमज दूर करणे हेच आपले काम आहे, आणि मी पुरावे देत बसायचे. पुराव्याने भ्रम जात नाही, हे तुमच्या आजींच्या ‘उतारा ठाऊक आहे’ या उत्तरातच आले आहे. तुम्ही पुरावा द्याल तसा भ्रम त्या पुराव्यालाही आपल्या पोटात घेतो. उलट ‘हो आजी, विष होते, मी फेकून दिले’ असे म्हटले, तर त्यांची भीती तुम्हीच पक्की करता, आणि पुढच्या वेळी विष नाही असे सांगायला तुमच्याकडे तोंड उरत नाही. म्हणून वादही घालू नये आणि होकारही देऊ नये. बोलायचे ते भीतीविषयी बोलावे. मी अशा वेळी साधारण असे म्हणत असे: ‘आजी, मला तरी ह्यात काही दिसत नाही. पण तुम्हाला भ्या वाटतंय हे कळतंय मला. आज काय खाल्लं तर चालेल तुम्हाला?’ एवढे बोलून थांबावे. या आजारात मनात विचार जुळायला वेळ लागतो, त्यात वयाची भर पडते. उत्तर यायला अर्धा मिनिट लागला तरी दुसरा प्रश्न विचारू नये.

खाण्याची निवड त्यांच्या हातात दिली की पुष्कळ फरक पडतो. सालीसकट केळे, टरफलासकट उकडलेले अंडे, त्यांनी स्वतः फोडलेला बिस्किटांचा पुडा, किंवा सगळ्यांसाठी आणलेल्या पातेल्यातून त्यांनीच आपल्या हाताने वाढून घेतलेला भात यांवर संशय सहसा कमी बसतो. शुगर असेल तर त्याप्रमाणे निवड करावी. परंतु त्याआधी आजींच्या तोंडात पाहा. या आजाराच्या औषधांनी तोंड कोरडे पडू शकते आणि तोंडाची चव जाऊ शकते. जिभेवर पांढरा थर असेल, कवळी टोचत असेल किंवा हिरडी सुजली असेल, तर अन्न खरोखरच कडू लागते आणि ज्यांच्या मनात विषाची भीती आधीपासून आहे त्यांना त्या कडूपणाचा अर्थ लगेच सापडतो. माझ्या एका रुग्णाचे विष दाताच्या डॉक्टरांनी किडकी दाढ काढल्यावर बरेच कमी झाले होते. दर आठवड्याला वजन करून ते वहीत लिहा. ताट किती वेळा परत आले यापेक्षा वजनाचा आकडा डॉक्टरांना अधिक सांगतो.

गोळ्या जेवणात लपवून देऊ नका. ज्या आजींना जेवणात काहीतरी मिसळले जाते असे वाटते, त्यांच्या जेवणात खरोखरच काहीतरी मिसळायचे, याचा विचार करून पाहा. एकदा जरी त्यांना ते कळले तरी तुमच्यावरचा विश्वास संपेल आणि त्या खोटे बोलत नव्हत्या हेही सिद्ध होईल. शिवाय संमतीशिवाय उपचार हा कायद्याचाही प्रश्न आहे. औषध नको म्हणत असतील तर कारण विचारा. बहुतेकदा कारण साधे असते: झोप फार येते, पोट साफ होत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात. ते कारण डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. गोळी घेणे रोजचेच भांडणाचे होत असेल, तर काही आठवड्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाचा पर्याय असतो, परंतु तो रुग्णाशी बोलून डॉक्टरांनीच ठरवायचा.

आजोबांच्या बाबतीत मला जे वाटते ते स्पष्ट लिहिते, कारण आपल्या भागात या विषयावर लगेच दोन बाजू पडतात. हा प्रश्न मराठीचा किंवा कन्नडचा नाही. ज्या माणसाला आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे असे वाटते, त्याच्यासमोर त्याला न समजणाऱ्या भाषेत हलक्या आवाजात बोलणे आणि मध्येच हसणे, एवढेच त्याला पुरेसे असते. धारवाडकडे मराठी परिचारिका आपसांत बोलत असताना कन्नड रुग्णांचे हेच झालेले मी पाहिले आहे. तुमच्या कन्नड सहकारणींना हे नीट समजावून सांगा, त्या नक्की ऐकतील. खोलीत शिरताना ‘नमस्कार गुरुजी, चादर बदलायला आलो’ एवढे मराठीत म्हणायला त्यांना दोन दिवसांत येईल. कन्नडमध्ये बोलणे भाग असेल तर ‘आम्ही तुमच्या चादरीबद्दल बोलत होतो’ असे आजोबांना लगेच सांगावे. आणि पोलीस कधी आलेच नव्हते असे त्यांना म्हणू नका. त्यांनी लाठीमार पाहिलेला आहे. ‘तेव्हा तुम्ही फार वाईट पाहिलंत, गुरुजी. आज इथं कोणी आलेलं नाही आणि रात्रभर मी ड्यूटीवर आहे’ हे दोन्ही खरे आहे आणि दोन्ही सांगता येते.

त्यांचे कानही तपासून घ्या. म्हातारपणी ऐकू कमी येऊ लागले की माणूस अर्धवट ऐकलेले वाक्य आपल्या भीतीने पूर्ण करतो. ऐकू न येणे आणि संशय यांचा संबंध वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. नुसता मळ काढल्यानेही कधी कधी वातावरण बदलते. डोळ्यांचेही तसेच आहे. मोतीबिंदूने किंवा पडद्याच्या विकाराने नजर फार अधू झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या वृद्धांनाही माणसे, मुले, फुलांच्या नक्षी दिसू शकतात.

यल्लम्मेचा विषय नाजूक आहे. मी स्वतः देवीला मानते, म्हणून अधिकच सांभाळून लिहिते. आजींचे कुंकू, त्यांचा लहान देव्हारा, मंगळवार-शुक्रवारची पूजा हे सारे त्यांचे आहे आणि ते तसेच राहू द्यावे. उपास करत असतील तर गोळ्यांचे आणि शुगरचे काय करायचे, एवढे डॉक्टरांना विचारून ठेवावे. परंतु कर्मचाऱ्यांनी त्यांच्या पाया पडणे, त्यांना कौल विचारणे हे थांबवायला हवे, कारण त्यामुळे तो आवाज खरा असल्याची ग्वाही आपण देतो आणि त्यांच्या डोक्यावरचा भार वाढवतो. आवाजाविषयी शांतपणे विचारा: काय सांगतो, कधी जास्त येतो, त्याने त्रास होतो का. आणि एक प्रश्न न कचरता विचारायचाच: ‘ती तुम्हाला स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा करायला सांगते का?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर होकारार्थी आले तर डॉक्टरांच्या भेटीची वाट न पाहता त्याच तासाला वरिष्ठांना कळवा आणि आजींना एकटे सोडू नका. एरवी आवाज वाढतात त्या वेळी हातांना आणि कानांना काही काम देणे उपयोगी पडते. माझ्याकडच्या एक बाई वाती वळायला बसल्या की त्यांचा आवाज मागे सरत असे, दुसऱ्या एकींना रेडिओवरची भजने चालत.

आता कडीविषयी. तुम्ही ते प्रांजळपणे लिहिलेत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एकांतवासात कोंडणे आणि कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे यांवर बंदी आहे. शारीरिक बंधन घालायचे झाले तर तात्काळ गंभीर इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या मान्यतेने, नोंद करून आणि गरजेपुरत्या वेळासाठीच. आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांच्या आत कळवावे लागते. कर्मचारी अपुरे आहेत या कारणासाठी बंधन वापरता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. हे वाक्य तुमच्या व्यवस्थापनाला दाखवा. त्या रात्री काय करता आले असते? एकीनेच बोलायचे, दुसरीने इतर रहिवाशांना बाजूला न्यायचे. आजोबांच्या समोरून, हाताच्या अंतराहून थोडे लांब उभे राहायचे, दाराची वाट अडवायची नाही, मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही. दिवा लावायचा, टीव्ही बंद करायचा. लघवीला जायचे आहे का, काही दुखते आहे का, तहान लागली आहे का, हे विचारायचे. ओल्या कपड्यांचा उल्लेख तुम्ही केला आहे, म्हणून मला तर वाटते की त्यांना बाथरूमला जायचे असावे. आणि मार्गदर्शन हवे असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा फोन क्रमांक रात्रीही चालू असतो, विनामूल्य आहे आणि भाषा निवडता येते.

मुलगा, निपाणी

वरील उत्तर फार मोलाचे आहे. मला त्यात घरातला एक अनुभव जोडायचा आहे. माझ्या आईला माझ्या जन्माआधीपासून हा आजार होता आणि शेवटची पाच वर्षे ती एका वृद्धाश्रमात होती. तिला भास होत, संशय येई, पण साठीनंतर ते सारे पुष्कळ मऊ झाले होते. आवाज येत, पण ती त्यांच्याकडे शेजारच्या भांडखोर बाईकडे दुर्लक्ष करावे तसे दुर्लक्ष करी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आजार म्हातारपणी बिघडतच जातो असे अनेकांना वाटते आणि पुष्कळांच्या बाबतीत तसे होत नाही.

एका पावसाळ्यात ती ‘पोटात साप शिरलाय, वेटोळं घालून बसलाय’ असे म्हणू लागली. सांभाळणाऱ्यांनी ते आजाराच्या खाती टाकले. मीही टाकले. फोनवर मी तिला ‘साप-बिप काही नाही, आई’ असे म्हणालो, ते माझे शब्द मला आठवतात. चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, पोट टणक झाले, तेव्हा तिला दवाखान्यात नेले. सात-आठ दिवस तिला शौचाला झाले नव्हते आणि आतडे तटले होते. ती वाचली, परंतु त्यानंतर ती पूर्वीसारखी उभी राहिली नाही. तिने आपल्याला जे होत होते ते पहिल्याच दिवशी सांगितले होते. तिच्याकडे त्यासाठी जे शब्द होते ते तिने वापरले. आम्ही ते ऐकले नाहीत, कारण तिच्या नावापुढे एक आजार लिहिलेला होता.

म्हणून माझी विनंती आहे की त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. आपल्या भागात डॉक्टर बहुधा कन्नड बोलतात आणि वृद्ध मराठी, मध्ये दुभाषी म्हणून तुमच्यासारख्या ताई असतात. तेव्हा ‘पोटात साप’ याचे भाषांतर ‘भास वाढले आहेत’ असे करू नका. सापच सांगा, आणि शौचाला कधी झाले तेही सांगा. डोक्यात भुंगा, छातीवर बसलेली बाई, पायांत मुंग्यांचे वारूळ, यांतले प्रत्येक वाक्य तक्रारही असू शकते. अर्थ लावणे डॉक्टरांचे काम आहे, आणि आपण वाटेत शब्द बदलले तर त्यांना ते करता येत नाही.

फार्मासिस्ट, टिळकवाडी, बेळगाव

औषधांविषयी थोडे लिहितो. डोस बदलण्याचा निर्णय कोणीही या उत्तरावरून घेऊ नये, पण काय पाहावे हे सहायिकेला माहीत असलेच पाहिजे, कारण रुग्णाजवळ आठ तास तीच असते.

या वृद्धांच्या चिठ्ठीत हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन किंवा क्लोझापिन यांपैकी काहीतरी असते आणि जुन्या रुग्णांना जोडीला बहुधा ट्रायहेक्सिफेनिडिल दिलेले असते. ते हातपाय आखडू नयेत म्हणून देतात, परंतु वयस्कांत त्यानेच बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, धूसर दिसणे आणि गोंधळ होऊ शकतो. वर लिहिलेल्या आतडे तटण्याच्या प्रसंगात अशा औषधांचा हात असू शकतो. क्लोझापिन घेणाऱ्यांतही बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकते. शौचाची नोंद ही म्हणून औपचारिकता समजू नये, तीन दिवस झाले नाही तर कळवावे. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, कारण या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात कमी होतात. कोणतेही मनोविकाराचे औषध चालू असताना जोराचा ताप, लाकडासारखे ताठ झालेले अंग आणि गुंगी असे एकत्र आले, तर ती तातडीची बाब आहे.

तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या आजींविषयी एक गोष्ट विशेष लिहावीशी वाटते. वर्षानुवर्षे ही औषधे घेतलेल्यांपैकी काहींचे ओठ, जीभ आणि जबडा आपोआप हलत राहतात. आपल्याकडे पाहणाऱ्याला वाटते की तोंडात तंबाखू आहे, आणि आजींना उगाच रागावले जाते. तोंड उघडून पाहा. तंबाखू नसताना चघळल्यासारखी हालचाल होत असेल तर तो औषधाचा दीर्घकालीन परिणाम असू शकतो आणि तो नोंदवायला हवा. आणि एखादे आजोबा बिडी ओढत असतील व आश्रमात आल्यावर ती एकदम बंद झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवते. धूर बंद झाला की तोच डोस रक्तात जास्त साचतो आणि माणूस गुंगीत जातो. हा परिणाम धुराचा आहे, मिश्री किंवा चघळण्याच्या तंबाखूचा नव्हे. बिडी सुटणे चांगलेच आहे, फक्त डॉक्टरांना कळले पाहिजे.

सतत येरझाऱ्या घालणारा, खुर्चीत दोन मिनिटे न टिकणारा रुग्ण ‘बिघडला’ असे ठरवून औषध वाढवले जाते. पुष्कळदा ती औषधानेच आलेली पायांची बेचैनी असते आणि औषध वाढवल्याने ती वाढते. म्हणून आतून अस्वस्थ वाटते की पाय बसू देत नाहीत, हे विचारा. उठताना चक्कर येते, त्यामुळे झोपेतून उठल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला बसवूनच उभे करा. गिळण्याची गती मंदावलेली असते, घास अडकून गुदमरण्याचा धोका खरा आहे. कोरडी भाकरी आमटीत कुस्करून, ताठ बसवून, घाई न करता भरवा. एप्रिल-मेमध्ये पाणी जास्त द्या, कारण या औषधांनी शरीराला उष्णता नीट सांभाळता येत नाही. उलट कुणी नळाला तोंड लावून सारखे पाणी पीत असेल, तर तेही कळवा, रक्तातले सोडियम घसरू शकते.

सेवानिवृत्त नागरिक, चिकोडी

मला वरील पहिल्या उत्तरातील एका गोष्टीविषयी शंका आहे. भ्रमाला होकार देऊ नये हे पटले, पण वादही घालू नये म्हणजे आपण माणसाला त्याच्या खोट्या जगात एकटे सोडून देत नाही का? माझ्या वडील बंधूंना हा आजार होता आणि कोणीतरी ठामपणे खरे सांगायला हवे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

निवृत्त मनोरुग्ण परिचारिका, बेळगाव

आपली तळमळ समजते. खरे सांगायला माझा विरोध नाही. ‘मला विष दिसत नाही’ हे खरे सांगणेच आहे. ते एकदा, शांतपणे, स्वतःच्या नावावर सांगावे. पाच वेळा सांगितले की तो वाद होतो आणि वादात हरलेला माणूस आपल्याशी बोलणे बंद करतो. ज्याने बोलणे बंद केले त्याच्या पोटातला साप आपल्याला कधीच कळत नाही. रुग्ण स्वतः विचारू लागतो, ‘हे खरं आहे की माझ्या मनाचं?’ असा दिवस येतो, त्या दिवशी जरूर सविस्तर बोलावे. भ्रमांवर चर्चा करण्याच्या मानसोपचार पद्धतीही आहेत, पण त्या प्रशिक्षित व्यक्तीने वेळ घेऊन करायच्या असतात, जेवणाच्या ताटाशी नव्हे.

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. एका वहीत प्रत्येकाचा ‘नेहमीचा दिवस’ लिहून ठेवा: किती झोपतात, किती खातात, आवाज साधारण कोणत्या वेळी येतात, किती चालतात, कोणाशी बोलतात. स्किझोफ्रेनिया एका दुपारीत पालटत नाही. जो माणूस काल नेहमीसारखा होता आणि आज वेळ-जागा विसरतो, कधी गुंगीत तर कधी भडकलेला असतो, अंथरुणावरचे किडे वेचू लागतो, त्याचा जुना आजार वाढला असे समजू नका. लघवीचा संसर्ग, निमोनिया, पाणी कमी पडणे, सोडियम, शुगर, डोक्याला लागलेला मार, नवे औषध यांपैकी काहीतरी शोधायला हवे, आणि ते त्याच दिवशी. तसेच बोलणे कमी होणे, अंघोळ टाळणे, कोपऱ्यात बसून राहणे याला आळस म्हणू नका. ते आजाराचेच अंग आहे आणि त्यावर औषधे फारशी चालत नाहीत, म्हणून तिथे तुमचेच काम मोठे आहे. रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, त्याच क्रमाने अंघोळीला बोलवावे, पाणी आधी हातावर घेऊ द्यावे, पुढे काय करणार ते आधी सांगावे. शेंगा सोलायला, मेथी निवडायला बोलवावे, नाही म्हटले तर जवळ नुसते बसू द्यावे. गणपतीचे ढोल आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक यांच्या आधी आजोबांची खोली मागच्या बाजूला हलवता आली तर पाहा.

वृद्धाश्रम सहायिका, खानापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. आजींच्या तोंडात पाहिले तेव्हा खालच्या कवळीखाली मोठी जखम निघाली. कवळी काढून ठेवली आहे आणि जेवण मऊ देतो. विषाची भीती गेलेली नाही. मागच्या आठवड्यात एकदा ताट परत आले, पण त्यांनी केळे आणि अंडे खाल्ले. वजन लिहायला सुरुवात केली आहे. जबड्याची हालचाल खरोखरच होते आणि आम्ही दोन वर्षे त्यांना तंबाखूवरून बोलत होतो. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी उत्तर दिले नाही, पण हात धरून ठेवला.

आजोबांच्या कानातून मळ निघाला, यंत्राची चाचणी बेळगावला जिल्हा रुग्णालयात व्हायची आहे. सहकारणींपैकी एक आता त्यांना ‘गुरुजी’ म्हणते आणि तेही तिच्या मराठीतल्या चुका सुधारून देतात. मात्र दुसरी ड्यूटीवर असते त्या दिवशी ते अजूनही दार लावतात. कडीचा विषय मी व्यवस्थापनापुढे मांडला, कायद्यातले वाक्य वाचून दाखवले. बाहेरची कडी सुताराकडून काढून घेतली आहे. रात्री तिसरी व्यक्ती मिळालेली नाही, त्यासाठी पुन्हा अर्ज देणार आहे. रात्री दहा आणि दोन वाजता आजोबांना बाथरूमला नेतो.

यल्लम्मेच्या आजींना मी तो प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘ती इजा करायला सांगत नाही ग, ती नुसती रडते.’ हेच शब्द मी वहीत लिहिले आहेत. पुढच्या मंगळवारी त्यांना डॉक्टरांकडे नेत आहोत.